‘जमेल तसं दे’: बहीण-भावातल्या उसन्या पैशांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणात तिघं आहेत: मोठी बहीण, तिचा नवरा आणि तिचा धाकटा भाऊ. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. रकमा चलनात न देता मापात दिल्या आहेत. एक माप म्हणजे बहिणीच्या घराचा एका महिन्याचा सगळा खर्च. त्यामुळे रक्कम किती जड होती हे वाचणाऱ्याला स्वतःच्या घरावरून ताडता येतं. उसने देताना रक्कम अशीच मोजावी, म्हणजे आपण किती महिन्यांची निश्चिंती हातातून सोडतोय ते दिसतं.

बहीण आणि नवरा दोघंही नोकरी करणारे. शिल्लक एकूण १८ मापं. त्यातली ७ अडीअडचणीसाठी, ८ मुलीच्या शिक्षणासाठी मुदत ठेवीत, ३ इतर. कर्ज नाही. भाऊ कसबी सुतार. नोकरी सोडून त्याने स्वतःचं फर्निचरचं वर्कशॉप काढलं. हाताला काम होतं, गिऱ्हाईकही होतं. रोखीचा अंदाज मात्र नव्हता. लाकूड आधी घ्यायचं, मजुरी दर आठवड्याला द्यायची आणि बिल सुटायचं दोन-तीन महिन्यांनी. या फटीत त्याचा धंदा पुन्हा पुन्हा अडकायचा.

बहीण-भावाचं नातं उत्तम होतं. हे मुद्दाम नोंदवायला हवं, कारण असं काही वाचलं की मुळातच संबंध बरे नसणार असं आपण धरून चालतो. इथे संबंध इतके चांगले होते की पैशाबद्दल नीट बोलणं दोघांनाही एकमेकांचा अपमान केल्यासारखं वाटत होतं.

पहिल्या दोन रकमा

पहिल्या महिन्यात भावाने ३ मापं मागितली. सहा महिन्यांत परत करतो म्हणाला. बहीण म्हणाली, “जमेल तसं दे, घाई नाही.” लेखी काही झालं नाही.

हे वाक्य प्रेमापोटी बोललं जातं आणि ऐकायला छान वाटतं, पण त्याचे दोन तुकडे दोघांच्या डोक्यात वेगवेगळे राहतात. देणाऱ्याला आठवतं ‘दे’. घेणाऱ्याला आठवतं ‘घाई नाही’. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नसतं. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं होतं की आपुलकीच्या नात्यात आणि देवाणघेवाणीच्या नात्यात परतफेडीचा अर्थच उलटा होतो. व्यवहारात केलेल्या मदतीची लगेच भरपाई झाली की समोरचा माणूस आवडतो. जवळीक अपेक्षित असते तिथे तीच भरपाई परकेपणाची वाटते. ‘जमेल तसं दे’ म्हणताना बहिणीने रक्कम व्यवहाराची दिली आणि शब्द आपुलकीचे वापरले. कोणते नियम लागू आहेत हे ठरलंच नाही.

पाचव्या महिन्यात भावाने आणखी ४ मापं मागितली. त्याने एक वापरलेलं मशीन घेतलं होतं आणि लाकडासाठी हातात काही उरलं नव्हतं. “हा एवढा टप्पा पार पडला की आधीचेही सुटतील, ताई.” नवरा नाखुशीने तयार झाला. त्याचे शब्द: “एवढंच. आता पुन्हा नाही.” अडीअडचणीची ७ मापं इथे संपली.

हा पहिला खरा निर्णयबिंदू. विचारायला हवं होतं, ‘आधी काहीच दिलेलं नसतं आणि आज एक ओळखीचा सुतार हा हिशोब घेऊन आला असता, तर आपण ४ मापं दिली असती का?’ चर्चा झाली ती मात्र आधीची ३ कशी वाचतील याचीच. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये या सवयीचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांच्या एका प्रश्नात दोन सहलींची तिकिटं चुकून एकाच दिवसाची निघालेली असतात. महागडी सहल कमी आवडीची, स्वस्त सहल जास्त आवडीची. पैसे दोन्हीकडे गेलेलेच आहेत, तरी निम्म्याहून जास्त लोकांनी महागडी निवडली. गेलेला पैसा पुढच्या निर्णयाला ओढत नेतो.

नवव्या महिन्यात भावाने १ माप परत केलं. ते बहिणीच्या रोजच्या खात्यात आलं आणि किराणा, फी, विजेचं बिल यांत विरघळून गेलं. बारीकसा तपशील वाटतो, पण त्याने पुढे बरंच काही घडलं. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी मनातल्या हिशोबाबद्दल जे मांडलं आहे त्यानुसार पैसा कोणत्या कप्प्यात पडला यावर तो कसा खर्च होईल हे ठरतं. ते माप अडीअडचणीच्या खात्यात गेलं असतं तर शिल्लक ० ची १ झालेली दिसली असती, परतफेड सुरू झाल्याचं दोघांनाही जाणवलं असतं. प्रत्यक्षात बहिणीच्या मनात ‘त्याने अजून काही दिलं नाही’ असंच राहिलं आणि भावाच्या मनात ‘मी द्यायला सुरुवात केली आहे’ असं.

तिसरी रक्कम

अकराव्या महिन्यात रात्री उशिरा भावाचा फोन आला. “उद्या पगार दिले नाहीत तर दोघंही कामगार जातील. पंधरा दिवसांत मोठं बिल सुटतंय.” बहिणीने त्याच रात्री शिक्षणाची ठेव मोबाईलवरून मोडली. ८ मापांतली ४ पुन्हा ठेवीत टाकली. उरलेल्या ४ पैकी २ लगेच पाठवली आणि २ सकाळी लाकूडवाल्यासाठी. सकाळची रक्कम पाठवताना ती म्हणाली, “हे धर, नंतर बघू.” मुदतीआधी मोडल्यामुळे व्याजाचा काही भाग गेला. नवऱ्याला सांगितलं नाही.

त्या रात्री तिच्यापुढे दोन वाटा होत्या. नाही म्हटलं असतं तर वर्कशॉप बंद पडलं असतं आणि बाकी राहिलेली ६ मापं बुडाल्याचं तिथल्या तिथे मान्य करावं लागलं असतं. हो म्हटलं तर नुकसान १० मापांवर जाण्याचा धोका होता, पण सगळं वसूल होण्याची आशा टिकत होती. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांच्या १९७९ च्या शोधनिबंधात नेमका हाच प्रसंग आकड्यांत आहे. ३००० चं नक्की नुकसान घ्याल, की ४००० चं नुकसान होण्याची ८० टक्के शक्यता? दुसऱ्या पर्यायात सरासरी नुकसान ३२०० येतं, म्हणजे तो वाईट सौदा आहे. तरीही ९२ टक्के लोकांनी तोच निवडला. नक्की नुकसान गिळण्यापेक्षा माणूस जुगार पत्करतो.

त्यापेक्षाही महत्त्वाचं काम बॅरी स्टॉ यांचं आहे. १९७६ च्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना कंपनीतल्या निर्णयकर्त्याची भूमिका दिली होती. आपण स्वतः निवडलेल्या विभागाची कामगिरी घसरली आहे असं कळल्यावर त्यांनी त्याच विभागात जास्त पैसा ओतला. तोच विभाग दुसऱ्या कोणी निवडलेला असेल तेव्हा हात आखडता राहिला. पहिला निर्णय ज्याचा, त्यालाच तो चुकला हे दिसायला सगळ्यात जड जातं.

या घरात पहिला निर्णय बहिणीचा होता. नवरा सुरुवातीपासून जरा बाजूला होता, त्यामुळे तिसऱ्या रकमेकडे कोऱ्या नजरेने पाहू शकणारा माणूस तोच होता. आणि नेमकं त्यालाच वगळलं गेलं. लपवणं म्हटलं की विश्वासघात आठवतो, तो मुद्दा पुढे येईलच; पण निव्वळ पैशाच्या बाजूनेही लपवण्याने घराचं नुकसान झालं, कारण थांबवू शकणारा एकमेव आवाज बंद झाला.

लपवाछपवीचे तीन महिने

मोठं बिल पंधरा दिवसांत सुटलं नाही. बहिणीने ठेवीचं ॲप उघडणं बंद केलं. बाजार पडलेला असताना गुंतवणूकदार आपला पोर्टफोलिओ कमी वेळा उघडून बघतात, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्लसन, लोवेनस्टीन आणि सेप्पी यांच्या अभ्यासात दिसलं होतं. आकडा न पाहिल्याने तो बदलत नाही, पण ते टाळल्याने आजची दुपार बरी जाते.

नवऱ्यासमोर खोटं बोलण्याची वेळ तिच्यावर फार वेळा आली नाही. त्रास वेगळ्या बाजूने झाला. जेवताना, गाडीत, झोपताना विषय डोक्यात फिरत राहायचा. मायकल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये गुपितांवर केलेल्या अभ्यासात हेच आढळलं. समोरच्यापासून प्रत्यक्ष लपवण्याचे प्रसंग कमी असतात. एकटं असताना मन त्याच गोष्टीकडे वळतं ते कितीतरी जास्त वेळा, आणि मनःस्वास्थ्य त्यानेच बिघडतं. ती चिडचिडी झाली, नवऱ्याने त्याचा संबंध तिच्या ऑफिसशी जोडला.

याच काळात भावाने कुटुंबासोबत एक छोटी सहल केली. फोटो बहिणीला दिसले आणि तिच्या मनात एकच वाक्य आलं: माझ्या पैशावर मजा चालली आहे. प्रत्यक्षात सहलीचा खर्च भावाच्या बायकोच्या बोनसमधून झाला होता. भावाच्या लेखी वर्कशॉपचा कप्पा वेगळा, बायकोच्या कमाईचा वेगळा. बहिणीच्या लेखी पैसा एकच. पुढे भाऊ फोन उचलेनासा झाला. त्याला लाज वाटत होती, पण तिने निष्कर्ष काढला की तो निर्ढावला आहे. दुसऱ्याच्या वागण्यामागे त्याचा स्वभाव शोधायचा आणि आपल्या वागण्यामागे परिस्थिती, ही आपल्या सगळ्यांचीच खोड. उसन्या पैशांच्या प्रकरणात ती सर्वाधिक भोवते, कारण शरमेने गप्प बसलेला माणूस आणि बेपर्वाईने गप्प बसलेला माणूस बाहेरून अगदी सारखेच दिसतात.

उघड झालं तेव्हा

चौदाव्या महिन्यात घरात पाण्याची गळती झाली. दुरुस्तीला २.५ मापं लागणार होती. अडीअडचणीचं खातं रिकामं असल्याने नवऱ्याने ठेवीतून काढू म्हणून ॲप उघडलं. ८ च्या जागी ४ दिसली.

पहिलं बोलणं त्याच रात्री झालं आणि वाईट झालं. ती भावाची अडचण समजावत राहिली, तो रक्कम विचारत राहिला. शेवटी तो म्हणाला, “चार मापं गेली ते राहू दे. तीन महिने मी त्या ठेवीवर मुलीच्या प्रवेशाचं गणित मांडत होतो आणि तू ऐकत होतीस.” त्याची जखम इथे होती. ‘पैसे परत येतील’ हे आश्वासन म्हणूनच त्याला लागू पडत नव्हतं. ती त्याला ज्या प्रश्नाचं उत्तर देत होती तो त्याने विचारलेलाच नव्हता.

दोघांनी ४८ तास विषय थांबवला. दुसऱ्या बैठकीचे नियम साधे होते. आधी तिने तारखांसह सगळं सांगायचं, मध्ये त्याने बोलायचं नाही. मग त्याला काय लागलं ते त्याने सांगायचं, मध्ये तिने कारणं द्यायची नाहीत. भावाला फोन त्या दिवशी करायचा नाही. ही बैठक तासभर चालली आणि तिथून पुढचं काम शक्य झालं. क्रम महत्त्वाचा आहे. नवरा-बायकोतला प्रश्न मिटण्याआधी भावाकडे वसुलीला गेलं असतं, तर नवऱ्याचा सगळा राग भावाच्या अंगावर निघाला असता आणि बहीण भावाची वकील होऊन बसली असती.

दोन याद्या

भावाला भेटण्याआधी बहिणीने त्याला एकच विनंती केली: किती घेतले आणि किती दिले हे तुझ्या आठवणीप्रमाणे लिहून आण, मीही लिहून आणते. याद्या अशा निघाल्या:

बहीण: दिले ११, परत आले १, बाकी १०.
भाऊ: घेतले ९, परत दिले २, बाकी ७.

फरक ३ मापांचा, आणि दोघंही प्रामाणिक. भावाने सकाळी आलेली २ मापं धरलीच नव्हती. ‘हे धर, नंतर बघू’ याचा अर्थ त्याने मदत असा घेतला होता. परतफेडीत त्याने पुस्तकांचं एक कपाट धरलं होतं. बहिणीच्या घरासाठी त्याने ते सातव्या महिन्यात स्वतःच्या हाताने बनवलं होतं, भिंतीच्या मापाचं, कोपरे गोल केलेलं. त्याच्या मते किंमत १ माप. बहिणीच्या लेखी ती भेट होती. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती कौतुकाने दाखवत असे.

मायकेल रॉस आणि फिओर सिकोली यांनी १९७९ मध्ये जोडप्यांना घरकामातला आपापला वाटा विचारला होता. दोघांचे वाटे मिळवल्यावर बेरीज बऱ्याचदा शंभर टक्क्यांच्या वर गेली. आपण केलेलं आपल्याला जास्त आठवतं, कारण ते करताना आपण तिथे हजर असतो. म्हणून याद्या स्वतंत्रपणे, भेटण्याआधी आणि कागदावर लिहाव्यात. समोरासमोर बसून आठवायला लागलं की प्रत्येक आकडा आरोप होतो. लिहून आणलेल्या याद्यांत फक्त फरक दिसतो, आणि तो बँकेच्या नोंदींवरून सोडवता येतो. इथे नोंदींनी ११ चा आकडा पक्का केला. भावाने तो लगेच मान्य केला.

समोर असलेले पर्याय

सगळं सोडून देणं हा पहिला विचार, तोही बहिणीचाच. नवऱ्याला तो मान्य नव्हता, आणि ते रास्त होतं. त्यातली ४ मापं मुलीच्या शिक्षणाची होती. शिवाय अपराधी भावनेतून, न परवडणारी माफी दिली की ती पुढे टोमण्यांतून वसूल होते.

वर्षात सगळं वसूल करायचं, हा नवऱ्याचा प्रस्ताव. १० मापं १२ महिन्यांत म्हणजे महिन्याला ०.८३. भावाच्या स्वतःच्या घराचा मासिक खर्च ०.८ होता. हा हप्ता दुसऱ्याच महिन्यात तुटला असता, आणि प्रत्येक तुटलेला हप्ता म्हणजे नवं भांडण.

वर्कशॉपमध्ये भागीदारी घेणं कागदावर आकर्षक दिसत होतं. पण त्यात बहिणीला भावाच्या प्रत्येक खर्चावर बोलण्याचा हक्क मिळाला असता, आणि या दोघांना नेमकं तेच नको होतं.

चौथा पर्याय अजमावून झाला होता. बहिणीने मध्यस्थीसाठी आत्याला सांगून पाहिलं. “भावाबहिणीत हिशोब कसला?” एवढं बोलून आत्याने विषय संपवला. मध्यस्थ नात्यातला असला की त्याला शांतता हवी असते, तोडगा निघाला काय आणि न निघाला काय. मध्यस्थ घ्यायचाच तर दोन्ही बाजूंशी सारखं अंतर असलेला घ्यावा.

उरला तो मिश्र मार्ग: काही वस्तू विकून, काही रक्कम उघडपणे भेट म्हणून सोडून, उरलेली झेपेल अशा हप्त्याने.

काय ठरलं आणि कसं

सुरुवात भावाच्या ऐपतीपासून केली, देण्यापासून नाही. त्याने मागच्या १२ महिन्यांत वर्कशॉपमधून घरी किती नेलं ते महिनावार लिहिलं. सरासरी १.१ माप, पण ३ महिने ०.८ च्या खाली. सरासरी शिल्लक ०.३ दिसते म्हणून हप्ता ०.३ ठरवला असता तर कोरड्या महिन्यांत तो बुडालाच असता. म्हणून ०.२.

मग मशीन. बऱ्याच महिन्यांपासून ते पडून होतं. भाऊ ३.५ मापांच्या खाली यायला तयार नव्हता. दोन व्यापाऱ्यांनी २.४ आणि २.६ सांगितले होते. आपल्या मालकीच्या वस्तूला आपण जास्त मोल देतो हे कानेमन, नेच आणि थेलर यांच्या १९९० च्या प्रयोगांत साध्या कॉफीच्या मगांवर दिसलं होतं. ज्यांच्या हातात कॉफीचा मग होता त्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त होती. नवऱ्याने वाद घातला नाही. विचारलं, “हेच मशीन आज बाजारात दिसलं तर तू कितीला घेशील?” भाऊ थोडा वेळ गप्प बसला. “अडीच, दाजी.” तो आकडा धरला आणि मशीन त्याच किमतीला गेलं. ती २.५ मापं थेट गळतीच्या दुरुस्तीला लागली.

कपाटाचे ०.५ धरले. म्हणजे १० मधून ०.५ आणि २.५ वजा जाऊन ७ राहिले. त्यातलं १ माप बहीण आणि नवऱ्याने दोघांनी मिळून, अटीविना, भेट म्हणून दिलं. हप्ते वेळेवर आले तरच ते सोडायचं, असाही एक प्रस्ताव होता. नवऱ्याने तो नाकारला, कारण अट घातली की ती सूट होते, भेट राहत नाही. उरले ६. दर महिन्याला ०.२ प्रमाणे ३० हप्ते.

कागद एक पानाचा. त्यात एवढंच: बाकी रक्कम, हप्ता, महिन्याची ५ तारीख, बँकेत स्थायी सूचना (म्हणजे हप्ता आपोआप जाईल), वर्षातून २ हप्ते पुढे ढकलण्याची मुभा (१ तारखेच्या आत मेसेज करून, कारण न देता), व्याज नाही, आणि पैसे जमा होण्यासाठी वेगळं खातं, ज्यातून घरखर्च होणार नाही. नवव्या महिन्यातल्या त्या विरघळलेल्या मापाची आठवण ठेवून ही शेवटची अट आली. ‘कारण न देता’ हे भावाने मागून घेतलं. दर वेळी अडचण सांगावी लागणं हाच त्याला सगळ्यात मोठा जाच वाटत होता, आणि त्यामुळेच तो फोन टाळत होता.

नवरा-बायकोत वेगळा करार झाला. ०.२५ मापाच्या वरची कोणतीही रक्कम कोणालाही देण्याआधी दुसऱ्याला सांगायचं आणि एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. महिन्यातून एकदा सगळी खाती एकत्र उघडायची.

परिणाम

पुढच्या १४ महिन्यांत १२ हप्ते आले, २ ढकलले गेले, दोन्ही वेळा मेसेज वेळेत आला. एकदा भावाने ०.४ जास्तीचे भरले. एकूण २.८ परत, बाकी ३.२. दोन कामगारांपैकी एक गेला. आता भाऊ ऑर्डर घेताना ४० टक्के आगाऊ घेतो, आणि रोखीची फट बरीचशी त्यामुळेच बुजली. हे त्याने पहिल्याच वर्षी केलं असतं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या रकमेची गरज बहुधा पडली नसती.

भाऊ-बहीण पुन्हा बोलतात, आणि हप्ता स्थायी सूचनेने जात असल्याने फोनवर पैशाचा विषय निघत नाही. नवरा-बायकोतलं सावरणं मात्र संथ आहे. पहिले काही महिने नवरा मधूनच ॲप उघडून ठेव तपासायचा. बहिणीला ते बोचायचं, पण तिने ते अडवलं नाही. तपासण्यावर वाद घातला असता तर लपवण्याची शंका ताजी झाली असती. मासिक बैठक सुरुवातीला दोघांनाही जड जायची. आता ती २० मिनिटांत उरकते.

हप्ते सुरू झाल्यानंतरच्या बाराव्या महिन्यात भावाने पुन्हा ०.५ माप मागितलं. बहिणीने त्याच वेळी हो किंवा नाही म्हटलं नाही. “उद्या सांगते” म्हणाली, नवऱ्याशी बोलली, आणि दुसऱ्या दिवशी ०.२ देऊ केलं, भेट म्हणून, परत न करण्याचं. भावाने ते घेतलं नाही आणि गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम मिळवली.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिल्या रकमेच्या वेळी एक प्रश्न पुरला असता: ही भेट, कर्ज की गुंतवणूक? तिन्ही चालतात. भेट असेल तर आजच विसरायची. कर्ज असेल तर तारीख आणि हप्ता. गुंतवणूक असेल तर बुडण्याची तयारी आणि हिशोब बघण्याचा हक्क. ३ मापांच्या वेळी हे बोलणं पाच मिनिटांचं होतं. १० मापांच्या वेळी त्याला दोन महिने लागले.

दुसऱ्या रकमेच्या वेळी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये सुचवलेली पद्धत उपयोगी पडली असती. वर्षभरानंतर हे पैसे बुडाले आहेत असं आधीच धरायचं आणि का बुडाले ते प्रत्येकाने लिहायचं. ‘बुडतील का?’ विचारलं की प्रेम आड येतं. ‘बुडाले, का बरं?’ विचारलं की बिलं उशिरा सुटतात हे भावानेच पहिल्या ओळीत लिहिलं असतं.

तिसऱ्या रकमेत अडचण घाईची होती. पगाराचा दिवस खरा होता, पण एका रात्रीत लागत होता तो फक्त मजुरीचा भाग, सुमारे १ माप. लाकडाचे पैसे आठवडाभर थांबू शकले असते. तातडीच्या मागणीत खरोखर तातडीचं किती आहे हे वेगळं काढलं असतं, तर ठेव मोडावी लागली नसती; इतर ३ मापांतून भागलं असतं.

आणि कपाट. त्याचे ०.५ धरणं हिशोबाने रास्त होतं, तरी तो निर्णय चुकीचा होता असं स्पष्ट म्हणावं लागेल. ०.५ जास्तीची भेट देऊनही बाकी ६ च राहिली असती. कपाटाला एकदा किंमत लागल्यावर ते भेट राहिलं नाही. उरी ग्नीझी आणि आल्डो रस्टिकिनी यांच्या २००० च्या अभ्यासात इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांनी उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला. दंड काढून घेतल्यावरही तो पहिल्यासारखा कमी झाला नाही. पैशाचा नियम एकदा आत आला की जुना नियम सहजी परतत नाही. बहीण आता घरी येणाऱ्यांना ते कपाट दाखवत नाही, आणि भावाच्या ते लक्षात आलं आहे.

ही पद्धत कुठे वापरू नये

इथे सगळं उघड झाल्यावर तिघंही खरं बोलत होते आणि भावाची कमाई खरी होती. समोरच्याला जुगाराचं किंवा दारूचं व्यसन असेल, तर हप्ता आणि मुभा यांनी फक्त पुढची रक्कम मागायला जागा होते. तिथे रोख देणं थांबवून उपचाराचा खर्च परस्पर भरावा. घरात धाक किंवा मारहाण असेल आणि एक जोडीदार सुरक्षिततेसाठी पैसे बाजूला ठेवत असेल, तर ती लपवाछपवी या प्रकरणातली नव्हे, आणि खाती एकत्र उघडण्याचा नियम तिथे धोक्याचा ठरतो. आणि भावाच्या जागी असलेल्याने याद्या करायलाच नकार दिला, तर उरलेली रक्कम बुडाली असं धरून आपलं अडीअडचणीचं खातं आधी भरायला घ्यावं.